मळ जावा, त्वचा राहावी : सौम्य प्रक्षालकांचा परिचय

बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी इंग्लंडातील शिल्पकार मॅथ्यू नोबल याजकडून विक्टोरिया राणीचा एक संगमरवरी पुतळा करवून घेतला व तो मुंबई शहरास दिला. १८७२ साली त्याचे अनावरण झाले. पुढे १८९६ साली चापेकर बंधूंनी रात्रीच्या वेळी त्या पुतळ्यास डांबर फासले. त्या कृत्यामागील भावना हा इतिहासाच्या तासाचा विषय आहे. आमच्या आजच्या पाठाचा विषय डांबर हा आहे. पांढऱ्या संगमरवरावर बसलेले डांबर काढायचे कसे? आम्ल लावावे तर संगमरवरच विरघळू लागतो, कारण तो चुन्याचाच एक क्षार आहे. खरवडावे तर नाक, ओठ, वस्त्राच्या चुण्या यांचे कोरीव काम झिजते. १८९८ साली हे काम प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी यशस्वीपणे पार पाडले. गज्जर हे आपल्या बडोद्याच्या कलाभवनाचे पहिले प्राचार्य होते. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली १८९० साली सुरू झालेल्या त्या संस्थेत रंगकाम व रसायन यांसारखे विषय देशी भाषेतून शिकविले जावेत असा त्यांचा आग्रह होता. तोच आग्रह मनात धरून आम्ही हा लेख मराठीतून लिहीत आहोत, हे ओघाने सांगून टाकतो.

गज्जरांपुढे जो प्रश्न होता तोच रोज सकाळी न्हाणीघरात आपल्यापुढे असतो. मळ जावा, पण तो ज्याच्यावर बसला आहे ते जाऊ नये. पुतळ्याचा दगड निदान मुकाट्याने उभा राहतो. आपली त्वचा जिवंत आहे आणि तिच्यावर अन्याय झाला तर ती बोलते. ती कोरडी पडते, ताणल्यासारखी वाटते, खाजते, भेगाळते. डिसेंबर-जानेवारीच्या दिवसांत वर्गातील पहिल्या बाकावरील मुलांचे हात पाहिले तरी ही भाषा कळते. त्यांपैकी कित्येकांच्या घरी अंगाला आणि कपड्यांना एकच वडी वापरली जाते, हे विचारल्यावर समजते. म्हणून साबण म्हणजे काय, त्याच्या जागी आलेले कृत्रिम पदार्थ कोणते आणि त्यांपैकी 'सौम्य' म्हणून ज्यांची ख्याती आहे ते खरोखर सौम्य कशामुळे, याचा थोडा अभ्यास करू.

विद्यार्थिमित्रहो, प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या अंगावरील मळ हा बहुतांशी तेलकट असतो. घामाबरोबर त्वचेतून स्रवणारे स्निग्ध द्रव्य, त्यावर बसलेली धूळ, मृत त्वचेचे कण, डोक्याला चोपडलेले तेल, या साऱ्यांचे ते मिश्रण होय. पाणी आणि तेल यांचे हाडवैर असल्यामुळे नुसत्या पाण्याने ते जात नाही. त्यांच्यामध्ये मध्यस्थी करणारा पदार्थ लागतो. त्या पदार्थाच्या रेणूला एक लांब शेपटी असते व एक डोके असते. शेपटी तेलात रमते, डोके पाण्यात रमते. असे असंख्य रेणू तेलाच्या थेंबाभोवती जमतात, शेपट्या आत खुपसतात व डोकी बाहेर पाण्याकडे करतात. मग तो थेंब पाण्याला परका वाटत नाही आणि पाण्याबरोबर वाहून जातो. तेलाचा थेंब नसला तरी हे रेणू आपापसांत गोल पुंजके करून राहतात. त्या पुंजक्यांस शास्त्रात मिसेल म्हणतात. हा शब्द पुढे लागणार आहे. अशा मध्यस्थ पदार्थांना पृष्ठक्रियाकारके हे नाव आहे, कारण ते पाण्याच्या पृष्ठभागावर जमून त्याचा पृष्ठताण कमी करतात. साबण हा त्यांच्यापैकी सर्वांत जुना व सर्वांत परिचित.

तेल अथवा चरबी कॉस्टिक सोड्याबरोबर शिजवली की साबण आणि ग्लिसरीन मिळते. या क्रियेस साबणीकरण म्हणतात. विलायतेहून येणाऱ्या साबणात जनावरांची चरबी असे, म्हणून पुष्कळ घरांत तो सोवळ्यात चालत नसे. अर्देशीर गोदरेज यांनी १९१९ च्या सुमारास केवळ वनस्पतितेलांचा साबण बाजारात आणला तेव्हा ही अडचण दूर झाली. धुण्याच्या पावडरीत जो सोडा लागतो त्याचा मोठा कारखाना १९३९ साली मिठापूर येथे स्थापन झाला. ते ठिकाण ओखामंडळात, म्हणजे त्या काळच्या बडोदे संस्थानच्याच मुलखात होते.

साबण स्वस्त आहे, करावयास सोपा आहे आणि पाण्यात मिसळल्यावर जंतूंच्या साहाय्याने लवकर कुजून नाहीसा होतो. त्याची निंदा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु त्याच्या ठिकाणी दोन उणिवा आहेत, आणि दोन्ही त्याच्या रचनेतूनच आलेल्या आहेत.

पहिली उणीव पाण्याशी संबंधित आहे. आमचे मूळ गाव कोकणपट्टीत असल्यामुळे हा फरक आम्हांस पुस्तकातून शिकावा लागला नाही. जांभ्या दगडातून झिरपणाऱ्या विहिरीच्या पाण्यात चुन्याचे क्षार फार थोडे असतात. तेथे साबणाचा हात नुसता पाण्यात बुडविला तरी फेस येतो. कोकणीत त्याला 'फेण' म्हणतात. बडोद्यास आल्यावर समा भागातील एका सोसायटीत बोअरच्या पाण्याने स्नान करताना तोच साबण दुप्पट झिजू लागला आणि फेसाऐवजी बादलीच्या कडेला पांढुरका चिकट थर बसू लागला. शालेय पुस्तकात पहिल्या पाण्यास सुफेन व दुसऱ्यास दुष्फेन म्हटलेले तुम्ही वाचले असेलच. दुष्फेन पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. साबणाच्या रेणूचे डोके कार्बोक्झिलेट जातीचे असते. त्याला कॅल्शियम भेटले की दोघे मिळून न विरघळणारा साका बनवतात. तो साका म्हणजेच बादलीवरचा तो थर. केस धुतल्यावर ते राठ व निस्तेज वाटतात यासही तोच कारण आहे. सयाजीराव महाराजांनी आजव्याचे सरोवर बांधविल्यापासून शहराच्या पुष्कळ भागास तलावाचे किंवा नदीचे पाणी मिळते व ते बोअरच्या पाण्यापेक्षा पुष्कळच बरे असते. ज्या घरात दोन्ही पाणी येते तेथील गृहिणींना कोणत्या पाण्यात साबण अधिक लागतो हे विचारून पाहावे.

दुसरी उणीव अल्कधर्माची. साबण हा दुर्बल आम्ल व तीव्र अल्क यांपासून झालेला क्षार असल्यामुळे त्याचे द्रावण अल्कधर्मीच राहते. त्याचा सामू सामान्यतः ९ ते १० असतो. हे पाहण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. वरणाचा डाग पडलेला पांढरा सदरा साबणाने धुताना पिवळा डाग एकदम तांबडा होतो हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. हळदीला अल्काचा स्पर्श झाला की ती तांबडी होते. हळदीत चुना घालून कुंकू करीत ते याच गुणावर. तेव्हा शाईकागदाचे किंवा साध्या पांढऱ्या कागदाचे तुकडे हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. एका तुकड्यावर ओला केलेला नेहमीचा अंगाचा साबण लावा, दुसऱ्यावर घरात असल्यास एखादी 'सौम्य' म्हणून विकली जाणारी वडी लावा, तिसऱ्यावर शांपूचा थेंब टाका. पहिला कागद तपकिरी-तांबडा होईल. दुसरे दोन बहुधा पिवळेच राहतील. हाताला हळद लागली तरी चालेल, पण आईच्या ओट्यावर हा प्रयोग करू नये.

आता त्वचेकडे वळू. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर अतिशय पातळ, सामान्यतः एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकाच असतो. त्यात केराटिन या प्रथिनाने भरलेल्या चपट्या, मृत पेशी एकमेकींवर रचलेल्या असतात आणि त्यांच्या फटींत स्निग्ध द्रव्ये भरलेली असतात. जुन्या वाड्याची भिंत डोळ्यांसमोर आणा. पेशी या विटा आणि स्निग्ध द्रव्ये हा चुना. या भिंतीमुळे शरीरातील पाणी बाहेर उडून जात नाही व बाहेरचे अपायकारक पदार्थ आत शिरत नाहीत. शिवाय तिच्या पृष्ठभागावर किंचित आम्लता असते. निरोगी त्वचेचा सामू ५ च्या आसपास असतो. १९२८ साली शाडे व मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी तिला त्वचेचे आम्ल-आवरण असे म्हटले. ही आम्लता त्वचेच्या दुरुस्तीचे काम करणाऱ्या पाचकद्रव्यांस मानवते, आणि उपद्रवी जंतूंस ती फारशी मानवत नाही.

साबणाने स्नान केले की ही आम्लता काही काळ ढळते. पेशींतील केराटिन अल्कामुळे फुगते आणि फटींतील चुना थोडाथोडा निघून जातो. निरोगी माणसाची त्वचा काही तासांत पूर्वस्थितीवर येते व त्याला पत्ताही लागत नाही. परंतु तान्हे मूल, वृद्ध माणूस, इसबाने गांजलेले मूल किंवा दिवसातून दहा वेळा हात धुणारी परिचारिका यांच्या भिंतीला दुरुस्तीची उसंतच मिळत नाही. अशा वेळी त्वचेचे वैद्य साबण बंद करावयास सांगतात व त्याऐवजी कृत्रिम प्रक्षालकाची वडी लिहून देतात. पुष्कळ आजीबाईंना हे ऐकून आश्चर्य वाटते. 'कृत्रिम' हा शब्द त्यांच्या कानाला विषासारखा लागतो. म्हणून या कृत्रिम पदार्थांचा इतिहास थोडक्यात सांगावा लागेल.

त्याचा आरंभ पहिल्या महायुद्धात झाला. जर्मनीत खाण्याच्या चरबीचीच टंचाई होती. तिचा साबण करणे परवडेना. १९१७ च्या सुमारास तेथील रसायनज्ञांनी डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थॅलिनपासून 'नेकाल' नावाचा पदार्थ तयार केला. तो फेस चांगला करी, पण मळ काढण्यात बेताचाच होता. १९३० च्या सुमारास आय. जी. फार्बेन या कंपनीने 'इगेपॉन' नावाचे पदार्थ काढले; ते लोकरीच्या व कापडाच्या धंद्यात वापरले जात. त्यांची आठवण ठेवा, कारण आपल्या कथेचा नायक त्यांच्यातच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर खनिज तेलापासून मिळणारी प्रक्षालके स्वस्त झाली. अमेरिकेत १९४६ साली 'टाइड' निघाले, आपल्याकडे १९५९ साली 'सर्फ' आले, आणि १९६९ साली अहमदाबादेस करसनभाई पटेल यांनी 'निरमा' काढून धुण्याची पावडर सामान्य माणसाच्या मोरीपर्यंत पोहोचविली.

या पावडरींच्या मुख्य घटकाशी बडोद्याचा संबंध जवळचा आहे. कोयलीचे तेलशुद्धीकरण केंद्र १९६५ साली सुरू झाले व १९६९ साली स्थापन झालेल्या आयपीसीएल या सरकारी कंपनीचा मोठा कारखाना त्याच्या शेजारी उभा राहिला. तेथे लिनिअर अल्किल बेंझिन हा द्रव तयार होऊ लागला. ती कंपनी २००७ साली रिलायन्समध्ये विलीन झाली. खुद्द कोयलीच्या केंद्रातही २००४ साली वर्षाला १,२०,००० टन क्षमतेचा तसाच कारखाना सुरू झाला. कृती थोडक्यात अशी की रॉकेलमधील सरळ साखळीचे रेणू वेगळे काढावयाचे, ते बेंझिनला जोडावयाचे, त्यावर गंधकाच्या आम्लाची क्रिया करावयाची आणि शेवटी अल्काने ते उदासीन करावयाचे. 'सरळ साखळी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पूर्वीच्या पावडरींत फांद्या असलेली साखळी वापरीत. नदीतील जंतूंना ती खाता येत नसे, त्यामुळे युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगू लागले. पश्चिम जर्मनीने १९६१ साली त्याविरुद्ध कायदा केला, अमेरिकेतील कारखानदारांनी १९६५ साली सरळ साखळी स्वीकारली. कंदिलात जळणारे रॉकेल आणि सदरा धुणारी पावडर ही एकाच उदरातून निघालेली भावंडे आहेत, हे बडोदेकर मुलांस तरी ठाऊक असावे.

ही प्रक्षालके दुष्फेन पाण्यात साका करीत नाहीत आणि ती स्वतः अल्कधर्मीही नसतात. पावडरीची अल्कता तिच्यात घातलेल्या सोड्यामुळे येते. मग ती अंगाला लावण्यास उत्तम, असे तुम्ही म्हणाल. येथेच हळदीच्या कागदाचा उपयोग संपतो. शांपूत सर्रास आढळणारे सोडियम लॉरील सल्फेट हे हळदीचा रंग पालटत नाही, पण त्वचेला ते चांगलेच बोचते. किंबहुना मुद्दाम त्वचेचा दाह करून औषधे तपासावयाची असतील तेव्हा संशोधक तेच वापरतात. म्हणजे सामू उदासीन असणे ही सौम्यतेची एक अट झाली, ती पुरेशी मात्र नाही.

सौम्यता मोजण्याची एक सुरेख रीत मक्याच्या दाण्याशी निगडित आहे. मक्यात झीन नावाचे प्रथिन असते. ते पाण्यात विरघळत नाही. परंतु प्रक्षालकाच्या द्रावणात ते कमी-अधिक विरघळते. जे प्रक्षालक झीन जास्त विरघळवील ते आपल्या केराटिनशीही तशीच झटापट करील असे अनुमान निघते, व ते पुष्कळ अंशी खरे ठरते. या कसोटीत लॉरील सल्फेट फार कठोर ठरते. आणि फार थोडे झीन विरघळविणाऱ्या पदार्थांत ज्याचे नाव येते तो म्हणजे सोडियम कोकोइल आयसेथिओनेट. जर्मनांच्या 'इगेपॉन' घराण्यातील एका शाखेचा हा वंशज होय.

नाव लांबलचक असले तरी घाबरण्याचे कारण नाही; ते तोडून वाचावे. 'कोको' म्हणजे नारळ. खोबरेल तेलातील मेदाम्ले ही त्याची शेपटी. खोबरेलात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते, बारा कार्बनांची ही साखळी फेसासाठी विशेष योग्य असते. 'आयसेथिओनेट' हे त्याचे डोके. इथिलीन ऑक्साइड आणि सोडियम बायसल्फाइट यांच्या संयोगाने सोडियम आयसेथिओनेट होते व त्याला नारळाचे मेदाम्ल जोडले की आपला पदार्थ सिद्ध झाला. म्हणजे शेपटी माडावरची आणि डोके कारखान्यातले. त्याला नैसर्गिक म्हणावे की कृत्रिम, असा वाद कोणी घातल्यास आम्ही मौन धरू. कोकणच्या माणसाला माडाचा पक्षपात असावयाचाच.

त्याची सौम्यता कशात आहे? त्याचे डोके सल्फोनेट जातीचे असल्यामुळे कॅल्शियमशी त्याचे जमत नाही व साका होत नाही. द्रावण उदासीन किंवा किंचित आम्ल राखता येते, त्यामुळे आम्ल-आवरण फारसे ढळत नाही. तिसरे कारण अधिक मनोरंजक आहे. मघाशी ज्या मिसेल नावाच्या पुंजक्यांचा उल्लेख केला ते या पदार्थाचे बरेच मोठे असतात. त्वचेच्या बाहेरील थरात पाण्याने भरलेली अतिसूक्ष्म छिद्रे असतात. लॉरील सल्फेटचे लहान पुंजके त्यांतून आत शिरतात, आयसेथिओनेटचे मोठे पुंजके दारातच अडतात, असे संशोधकांचे स्पष्टीकरण आहे. मळ पृष्ठभागावर असतो; तेथवर ते आपले काम करतात. घरच्या चुन्याला हात लावत नाहीत, किंवा लावला तरी बेताने लावतात.

१९५७ साली अमेरिकेत 'डव्ह' ही वडी निघाली. तिचा मुख्य आधार हाच पदार्थ होता आणि त्याच्या जोडीला स्टिअरिक आम्लासारखी स्निग्ध द्रव्ये घातली होती, जेणेकरून जे धुऊन जाईल त्याची थोडी भरपाई व्हावी. पुढे त्याच धर्तीच्या अनेक वड्या, मुख धुण्याची द्रवे व लहान मुलांचे शांपू निघाले. आपल्या देशातही अशा पदार्थांचे उत्पादन होते. १९८० साली मुंबईत काही मित्रांनी मिळून सुरू केलेली गॅलॅक्सी सरफॅक्टंट्स ही कंपनी त्यांपैकी एक. तिचे कारखाने तारापूर, तळोजा आणि आपल्या शेजारी भरूच जिल्ह्यात झगडिया येथे आहेत.

आता त्याच्या उणिवाही सांगितल्याच पाहिजेत, नाहीतर हा लेख पाठ न राहता जाहिरात होईल. हा पदार्थ साबणापेक्षा महाग आहे. थंड पाण्यात तो नीट विरघळत नाही, म्हणून तो द्रवापेक्षा वडीत अधिक शोभतो. शिवाय शेपटी व डोके यांस जोडणारा सांधा एस्टर जातीचा आहे. तीव्र आम्ल किंवा तीव्र अल्क यांच्या सहवासात, विशेषतः उष्णता असेल तर, हा सांधा तुटतो. म्हणूनच त्याला अल्कधर्मी वस्तूंत घालता येत नाही. आणि सौम्य म्हणजे सर्वांना निर्धोक असे तर मुळीच नव्हे. सौम्य शांपूत नेहमी असणारे कोकामिडोप्रोपिल बीटेन हे दुसरे एक नारळवंशी प्रक्षालक घ्या. ते बहुतेकांना सोसते, तथापि काहींना त्याची, अथवा ते करताना त्यात उरलेल्या अशुद्ध द्रव्यांची, ॲलर्जी होते; अमेरिकेतील त्वचावैद्यांच्या एका संस्थेने २००४ साली त्यालाच 'वर्षाचा ॲलर्जीकारक पदार्थ' ठरविले होते. कोणाच्या अंगावर चट्टे उठत असतील तर वडी बदलत बसण्यापेक्षा वैद्याकडे जावे.

याउलट 'नैसर्गिक ते सौम्य' ही समजूतही तपासून घ्यावी. रिठा व शिकेकाई यांत सॅपोनिन नावाची पृष्ठक्रियाकारके असतात. निसर्गाने केलेली प्रक्षालकेच ती. दुष्फेन पाण्यात ती साका करीत नाहीत, आणि शिकेकाईचे पाणी किंचित आम्ल असल्यामुळे केसांना मानवते. आमच्या मते आठवड्यातून एकदा शिकेकाईने न्हाण्याची जुनी रीत शास्त्राच्या कसोटीवर चांगलीच उतरते. परंतु रिठ्याचे पाणी ज्याच्या डोळ्यांत गेले आहे त्याला निसर्गाच्या सौम्यतेवर व्याख्यान देऊ नये. डाळीचे पीठ मळ शोषून घेते व फारसे काही हिरावून नेत नाही, म्हणून तान्ह्या मुलाला ते लावीत. मात्र इसब झालेल्या, सोललेल्या त्वचेवर कोणतेही पीठ चोळणे बरे नव्हे.

दुकानात गेल्यावर हे ज्ञान कसे वापरावे? वेष्टन उलटे करून वाचावे. घटकांच्या यादीत प्रारंभी 'सोडियम पामेट' किंवा 'सोडियम पाम कर्नेलेट' अशी नावे असतील तर ती वडी खरा साबण आहे, मग वर चंदन, गुलाब, कडुनिंब काहीही छापलेले असो. प्रारंभी आयसेथिओनेट असेल तर ती सौम्य प्रक्षालकाची वडी. आयसेथिओनेट यादीच्या शेवटी, सुगंधाच्या जवळपास असेल तर ते केवळ नावापुरते घातले आहे असे समजावे. खऱ्या साबणावर टीएफएम म्हणून एक अंक असतो. तो एकूण मेदद्रव्याचे शेकडा प्रमाण सांगतो. भारतीय मानकांप्रमाणे पहिल्या प्रतीच्या अंगाच्या साबणात ते निदान ७६, दुसऱ्या प्रतीत ७०, तिसऱ्या प्रतीत ६० असावे लागते. ज्या वडीवर साबण न लिहिता 'बाथिंग बार' लिहितात तिला ४० देखील पुरते. येथे एक गोंधळ टाळावा. आयसेथिओनेटच्या वडीला टीएफएमचा निकष लावणे हे तांदूळ दुधाच्या मापाने मोजण्यासारखे आहे, कारण ती साबणच नव्हे. तसेच 'सल्फेटमुक्त' हे शब्द वाचून हुरळून जाऊ नये. साबणातही सल्फेट नसते, तरी तो अल्कधर्मी असतोच. सल्फेट काढून काय घातले ते पाहावे.

आणखी एक गोष्ट आम्हांस पुष्कळ दिवस खटकत आलेली आहे. चेहऱ्याला लागणारे प्रक्षालक अर्ध्या मिनिटात धुऊन जाते. त्याच्या सौम्यतेसाठी रसायनज्ञांनी आपली सारी बुद्धी खर्च केली. परंतु भांडी घासण्याची वडी आणि धुण्याची पावडर ही ज्या हातांना रोज दोन-दोन, तीन-तीन तास लागते त्या हातांसाठी मात्र सर्वांत कठोर माल ठेवलेला आहे. त्यात सोडा असतो, सरळ साखळीचे तीव्र प्रक्षालक असते आणि घासणीने त्वचा आधीच सोललेली असते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या बोटांच्या बेचक्यांत पडलेल्या चिरा आपण पाहतो व थंडी पडली म्हणून सोडून देतो. तिच्या भिंतीतील चुना रोज धुतला जातो आणि रात्रीतून तो भरून येत नाही. महाग वडी घेतली नाही तरी चालेल. रबरी हातमोज्यांची एक जोडी, पावडर मुठीने न घालता चमच्याने घालणे, आणि काम संपल्यावर स्वच्छ पाण्याने हात धुऊन, हात अजून ओलसर असतानाच खोबरेलाचे दोन थेंब चोळणे, एवढे प्रत्येक घरास करता येण्याजोगे आहे. ओलसर हातावर तेल लावण्याचे कारण हे की ते आतील पाणी उडून जाऊ देत नाही.

स्नानाबद्दल म्हणाल तर कडकडीत पाणी टाळावे, कारण उष्ण पाण्यात फटींतील स्निग्ध द्रव्य लवकर सुटते. अंगभर वडी फिरविण्यापेक्षा काखा, पाय, मान अशा घामट जागी ती लावावी. पोटरी व दंड यांस रोज साबणाची गरज नसते. थंडीत इसबाच्या मुलासाठी सौम्य वडी आणलीच, तर तिची जागा पाण्यात बुडालेल्या साबणदाणीत नव्हे. ती मऊ पडून लवकर झिजते व पैसे मोरीतून वाहून जातात. खाली भोके असलेल्या उंच कडेच्या डबीत ती कोरडी ठेवावी, आणि धुण्याच्या सोड्याच्या डब्यापासून चार हात दूर.